'बावन्न' ऐकून २५ लिहिणारी मुले : दुसरीच्या वर्गासाठी उपाय सुचवावेत

प्रश्न : दुसरीच्या बाई

मी सोलापूरच्या पूर्वभागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेते. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड. फळ्यावर मांडून दिलेली बेरीज-वजाबाकी ही मुले बिनचूक करतात. परंतु संख्यांचे श्रुतलेखन घेतले, की 'बावन्न'साठी २५ आणि 'सत्तेचाळीस'साठी ७४ असे आकडे पाटीवर दिसतात. 'एकोणचाळीस' म्हटल्यावर तर चाळीस एवढेच कानात राहते आणि बरीच मुले ४९ लिहून मोकळी होतात. नुसत्या घोकंपट्टीने हे सुटेल असे मला वाटत नाही. एखादा खेळ किंवा वर्गात सहज करता येईल असे साहित्य कोणी सुचवू शकेल का?

उत्तर : निवृत्त शिक्षक, अक्कलकोट रोड

बाई, ही मुले गोंधळलेली नाहीत. उलट घरी शिकलेला नियम ती इमानाने पाळत आहेत. तेलुगूत २५ म्हणजे 'इरवै ऐदु' आणि कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु'; दोन्हीकडे आधी वीस आणि मग पाच, म्हणजे लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम एकच. मराठीत मात्र 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना वीसचा दोन आधी लिहावा लागतो. त्यात एकोणीस, एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत पुढच्या दशकातून एक वजा करायचा आणि नव्व्याण्णवला पुन्हा तो नियम सोडायचा! ज्यांची मातृभाषा मराठी आहे त्यांनाही हे जड जाते, एवढे तरी आपण मान्य करायला हवे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा त्यावर केवढा गदारोळ झाला होता हे अनेकांना आठवत असेल. माझ्या मते ती पद्धत पायरी म्हणून उत्तम आहे. परंतु मंगळवार बाजारातला भाजीवाला 'पन्नास दोन' म्हणणार नाही, तेव्हा 'बावन्न'ही आलेच पाहिजे. दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन आधी 'पन्नास आणि दोन' म्हणवून घ्यावे आणि त्याच दमात 'बावन्न' म्हणवून घ्यावे. आपल्या गावात एक संख्या तर प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेली असते. सिद्धेश्वरांच्या यात्रेत अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. तिथूनच सुरुवात करा आणि अडुसष्ट कसे लिहायचे ते मुलांनाच विचारा.

उत्तर : एक पालक

आमच्या घरी तेलुगू बोलतात. एक विनंती आहे, की हा उपक्रम करताना 'तेलुगू मुलांसाठी' असे वेगळे गट पाडू नयेत. मोठ्या मुलाच्या वेळी आम्हाला 'घरीही मराठीच बोला' असे सांगण्यात आले होते, आणि त्यानंतर तो वर्गात उत्तर येत असूनही गप्प बसू लागला. फळ्यावर तिन्ही भाषांतील संख्यानावे शेजारी शेजारी लिहिली आणि ती म्हणून दाखवण्याचे काम मुलांकडे दिले, तर मराठी घरांतल्या मुलांनाही काही नवे शिकायला मिळेल.

उत्तर : जिल्हा परिषद शिक्षक, दक्षिण सोलापूर

माझ्या वर्गात कन्नड घरांतली मुले बरीच आहेत आणि तिथे चालणारा एक खेळ सांगतो. चौकटीच्या वहीत दहा ओळी व दहा रकान्यांचा तक्ता आखावा, मात्र तो १ ते १०० असा न करता ० ते ९९ असा करावा. त्यामुळे प्रत्येक ओळ एका दशकाची होते आणि रकाना एककाचा. मग आपण संख्या उच्चारायची आणि मुलांनी ते घर रंगवायचे. शेवटी नक्षी तयार होते. जकार्ड मागावर चादरीची नक्षी छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून उतरते, छिद्र आहे की नाही यावरून कोणता धागा उचलायचा ते ठरते, हे येथील काही मुलांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते; त्यांना ते सांगू द्यावे.

यातली खुबी अशी, की ० ते ९९ च्या तक्त्यात ५२ आणि २५ ही घरे कर्णाच्या दोन बाजूंना समोरासमोर येतात. म्हणून नक्षी निवडताना प्रत्येक संख्येत दशक एककापेक्षा मोठे ठेवावे. उदाहरणार्थ ४१, ४२, ४३, ५१, ५२, ५३, ६१, ७१, ८१, ९१ ही घरे रंगवली की खालच्या डाव्या भागात झेंडा दिसतो. ज्याने बावन्नसाठी २५ रंगवले त्याच्या झेंड्याला भोक पडते आणि वर भलतीकडे एक ठिपका उमटतो. चूक कुठे झाली हे त्याला स्वतःलाच दिसते, आपल्याला लाल शाई काढावी लागत नाही. नक्षी कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी असेल, तर मात्र उलटे लिहिलेले आकडे तिच्यात बेमालूम लपून जातात, तेव्हा सुरुवातीला तशी नक्षी टाळावी. एकोणच्या संख्या शेवटच्या रकान्यात एकाखाली एक येतात. तो रकाना वेगळ्या दिवशी घ्यावा आणि प्रत्येक वेळी पुढच्या ओळीच्या पहिल्या घरावर बोट ठेवून एक घर मागे यायला सांगावे.

दुसरीच्या बाई

सर्वांचे आभार. सोमवारी झेंड्यापासून सुरुवात करते. संख्या उच्चारण्याचे काम आळीपाळीने मुलांकडेच देईन आणि तिन्ही भाषांचा तक्ता भिंतीवर लावेन. दक्षिण सोलापूरच्या सरांना एकच विचारायचे आहे : दृष्टी कमी असलेला एक मुलगा वर्गात आहे, त्याच्यासाठी हा तक्ता जमिनीवर खडूने मोठा आखून घरांत चिंचोके ठेवले, तर खेळ तसाच चालेल ना?

जिल्हा परिषद शिक्षक, दक्षिण सोलापूर

चालेल. फक्त ओळींच्या सुरुवातीला दहा, वीस, तीस असे ठळक आकडे लिहा.