ना सोयर, ना सुतक

पऱ्हाटी

२००४ च्या डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे गेला. वय अवघं पन्नास. मी सातवीत होते. आमचा बाप हसताना फक्त एकाच वेळी दिसायचा, रविवारी सह्याद्रीवर चारचा पिक्चर लागला की. त्यातही लक्ष्या असेल तरच. एरवी कापसाचा भाव, सोसायटीचा हप्ता आणि आमचे मार्क, तिन्ही एकाच तोंडानं ऐकायचा.

बातमी आली त्या संध्याकाळी तो पानठेल्यावरून घरी आला. चप्पल काढली, परत घातली आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. बैल तासाभरापूर्वीच पाणी पिऊन बसले होते. आईनं तसं म्हटलं तर म्हणाला, "पिऊ दे न अजून." रात्री जेवताना काका हसला, "दादा, तो का आपला सोयरा होता का?" बाप बोलला नाही. अर्धी भाकर ताटात ठेवून उठला. आमच्या घरी ताटात टाकलेलं चालत नाही. त्या दिवशी आईनं ती अर्धी भाकर गुपचूप उचलून कुत्र्याला घातली.

गावात दुःखाचा हिशेब पक्का असतो. भावकीचं दहा दिवस, लग्न झालेल्या लेकीला माहेरचं तीन, शेजारी कोणी गेलं तर माती होईपर्यंत चूल पेटवायची नाही. पण ज्याचं सोयर नाही नि सुतक नाही, त्याचं काय करायचं? त्याचं खातंच नाही.

म्हणून विचारते. कधी न भेटलेल्या माणसाच्या जाण्यानं तुमच्या घरी काय झालं? गेलेल्याची महती सांगू नका, ती सगळ्यांना माहीत असते. घरात काय झालं ते सांगा. आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून निघून जाऊ नका, ते रोज सकाळी फोनवर वाचतोच.

लेगस्पिन

दर्यापूर तालुका. खारपाणपट्टा. पाणी तोंडात घेववत नाही, पण डिसेंबरात जमीन अशी टणक होते की टेनिस बॉल डोक्यावरून जातो.

फिलिप ह्यूज. ऑस्ट्रेलियाचा डावरा. २५ नोव्हेंबर २०१४ ला सिडनीत मानेवर बॉल लागला, ६३ वर नाबाद होता. दोन दिवसांनी गेला. सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. मग तिकडं लोकांनी आपापल्या बॅटी दाराबाहेर ठेवल्या, वर टोपी अडकवून. जगभर ठेवल्या. मी पण ठेवली. त्या वेळी मी बावीसचा, आणि हेल्मेट फक्त फटफटीवाल्या मामाचं पाहिलेलं.

आजी बाजारातून आली. उंबऱ्याजवळ बॅट पाहून म्हणे, "कायची पूजा मांडली रे?"

म्हटलं, "पूजा नाही आजी. एक पोट्टा मेला, खेळता खेळता."

"कोन्या गावचा?"

"लय लांबचा."

"माय हाय त्याले?"

म्हटलं, हो, तिथंच होती, मॅच पाहत होती. आजी पिशवी तशीच ठेवून आत गेली. कणकेचा दिवा करून आणला नि बॅटीपाशी लावला. वाऱ्यानं दोनदा विझला, दोनदा लावला. येणारेजाणारे विचारत होते, घरात कोणी गेलं का. आजी सांगायची, "पोरगं होतं, खेळणारं." मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

झाडीतला

इरफान खान. २९ एप्रिल २०२०, लॉकडाऊन. मोहफुलं वेचून परत येत होतो, फोनला रेंज आली आणि बातमी दिसली. रस्त्यावर माणूस नाही. मोठ्यानं रडलो, कारण ऐकायला कोणी नव्हतं. घरी गेलो तेव्हा बायको म्हणाली, डोळ्यात काय गेलं. म्हटलं, चिलट. दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर गेला, त्याचं तिनं केलं.

खरं बोलतो

हे पोट भरल्यावरचे चोचले आहेत. मागच्या साली आमच्या गावचा एक गडी गेला. चार एकर कोरडवाहू, दोन पोरी. त्याच्या मातीले चाळीस माणसं. त्याच दिवशी कोण्या हिरोच्या मौतीवर गावच्याच ग्रुपवर दीडशे मेसेज. मी मोजले.

पऱ्हाटी

मोजले म्हणजे तुम्हीपण वाचतच बसला होता. पण राग खोटा नाही तुमचा. असू द्या इथं.

सातबारा

मला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं सांगायचं आहे. ते हिरो नव्हते, पण आमच्या घरात हिरोपेक्षा जास्त होते. बाबांच्या सदऱ्याला संघटनेचा लाल बिल्ला कायम. लग्नातसुद्धा. आजीला वाटायचं तो सदऱ्याबरोबरच विकत मिळतो.

नव्वदच्या आसपास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावानं करायचा. दान म्हणून नाही, तिच्या राबण्याचं देणं म्हणून. ज्या गावात शंभर बायकांच्या नावावर जमीन होईल, त्या गावाला जोशीसाहेब स्वतः येणार. बाबांनी दोन एकर आईच्या नावावर केली. फेरफार झाला, सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं. आईला तोपर्यंत कोणत्याच कागदावर नाव नव्हतं, फक्त मतदार यादीत होतं आणि तेही चुकीचं.

मग गावात मोजणी सुरू झाली. आई रोज विहिरीवर विचारायची, आज किती झाले? ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. तीन भाऊ आपसात भांडत होते, त्यांचं अडलं. एकानं आज करतो उद्या करतो म्हणत पोळा काढला, मग दिवाळी काढली. चौऱ्याण्णववर गाडी थांबली ती थांबलीच. साहेब काही आले नाहीत. शेजारच्या गावात आले होते म्हणतात. आई गेली नाही. "दुसऱ्याच्या गावात कायले जाऊ? आपल्या गावात येतील तवा पाहू."

१२ डिसेंबर २०१५ ला साहेब पुण्यात गेले. बाबा त्याआधीच वारले होते. मी माहेरी होते, आई वावरात, दुसरा वेचा चालू. मी बांधावर जाऊन सांगितलं. तिनं ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला, पदर परत खोचला आणि पुढच्या ओळीला लागली. अंधार पडेपर्यंत वेचत होती. बोंड दिसत नव्हतं, हातानं चाचपून काढत होती. मी मागं मागं गाठोडं ओढत. घराकडं निघालो तेव्हा एवढंच म्हणाली,

"सहा बायका कमी पडल्या वो माय."

रात्री ट्रंकेतून तो पहिला सातबारा काढला. घडीवर चिरलेला, तलाठ्याचा शिक्का पुसट. वाचता तिला येत नाही. बोट ठेवून विचारलं, "हे माहं नाव न?" तिच्याच नावाच्या वरच्या ओळीवर बोट होतं, खाली सरकवून दिलं.

हिंगणघाटकडचा

आमच्या आजीची गोष्ट, तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलेली. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. गावातून सात बंड्या निघाल्या, वाटेत दोन मुक्काम. आजीनं त्यासाठी पांढरं लुगडं घेतलं, कानातले मोडून. बाबासाहेब तिला दिसले ते बोटाच्या पेराएवढे. "एवढेसेच दिसले, पण आवाज मोठा होता," म्हणायची.

त्याला दोन महिनेही झाले नव्हते. ६ डिसेंबर. गिरणीत कामाला असलेला मामा अवेळी घरी आला, तेव्हा गावाला कळलं. पंचाईत अशी की, देव्हारा तर नदीत सोडून आलेले. सुतक, पिंड, कावळा, सगळं सोडलेलं. मग रडायचं कसं, कोणत्या रीतीनं, कोणालाच ठाऊक नाही! आजी सांगायची, त्या दिवशी बायांनी नुसती ती पांढरी लुगडी नेसली आणि समाजमंदिर नव्हतं तेव्हा, म्हणून चिंचेखाली जाऊन बसल्या. कोणी गायलं नाही, कोणी छाती पिटली नाही. लेकरं भुकेली झाली तेव्हा उठल्या. चौदा दिवसांनी गाडगेबाबाही गेले, वलगावच्या वाटेवर. "तो महिनाच खराब होता," एवढंच म्हणायची.

मी स्वतः दादरला तीनदा गेलो आहे. गर्दीत दरवेळी पांढऱ्या लुगड्यातली एखादी म्हातारी दिसते आणि मी तिची पिशवी उचलतो.

मुक्काम पोस्ट

एप्रिल २०२१ मध्ये माझा धाकटा भाऊ कोरोनानं गेला, जिल्ह्याच्या गावी. आम्हाला दुरून एक गुंडाळलेलं काहीतरी दाखवलं. अग्नी कोणी दिला ते माहीत नाही. घरी परतल्यावर आई पॉझिटिव्ह, मग वहिनी. रडायचं राहूनच गेलं. तेरवीलाही पाच माणसं.

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लताबाई गेल्या. त्यांनाही आधी कोरोनाच झाला होता. मला गाण्यातलं काही कळत नाही, भाऊ ऐकायचा, ट्रॅक्टरवर, फुल आवाजात. संध्याकाळी टीव्हीवर शिवाजी पार्क दाखवत होते. तिरंगा, फुलं, मंत्र, मग लाकडं पेटली. मी जमिनीवर बसून शेवटपर्यंत पाहिलं. पोरं म्हणाली चॅनल बदला, त्यांच्यावर खेकसलो. मग जे सुटलं ते आवरेना. बायकोनं पोरांना बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं. तिला कळलं होतं, पोरांना वाटलं बाबाला लता मंगेशकर फार आवडायच्या. अजून दर सहा फेब्रुवारीला मोठी मला त्यांचं गाणं लावून देते. मी ऐकतो.

खंजेरी

वर कोणी म्हटलं, रीत नाही म्हणून. आमच्याकडं आहे. तुकडोजी महाराज १९६८ ला गेले, माझा जन्म त्यानंतर सहा वर्षांनी. दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीला जातो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखभर माणूस एकदम गप्प उभा राहतो. तेवढ्या गर्दीत फक्त लेकरांचं रडणं आणि झेंड्याची फडफड. ज्यांना मी पाहिलं नाही त्यांच्यासाठी उभा राहतो म्हणावं, तर खरं सांगू? निम्मा वेळ मला पाठदुखीच आठवते. तरी जातो.

खरं बोलतो

मुक्काम पोस्ट, तुमचं वाचलं. त्या गड्याच्या मातीत मीपण फोनमध्येच पाहत होतो. सांगायचं राहिलं होतं.

पऱ्हाटी

लेगस्पिन, ती बॅट आहे का अजून?

लेगस्पिन

दांडा तुटला ताई, पाच-सहा वर्षं झाली. खालचा भाग माय मोगरी म्हणून वापरते. गोधड्या चांगल्या निघतात म्हणते.