पेजमेकर, पीडीएफ की वर्ड? ईपब करायला यातली कोणती फाइल घ्यावी?

अनघा_सांगली
नमस्कार मंडळी. बाबांचा ललित लेखांचा संग्रह 2003 ला छापला होता, आता प्रती मिळत नाहीत आणि हक्क आमच्याकडेच आहेत. घरातली बरीच मंडळी बाहेर असतात, त्यांना किंडलवर आणि मोबाइलवर वाचता यावं म्हणून ईपब (ई-पुस्तकाची फाइल) करायचंय. माझ्याकडे प्रेसवाल्याने दिलेली पीडीएफ आहे, एका सीडीवर पेजमेकरची (पुस्तकाची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइल आहे (श्रीलिपी फॉन्ट), छापील पुस्तकाचं स्कॅन आहे आणि पहिल्या काही लेखांची युनिकोडमधली (कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर मराठी दिसतं ती पद्धत) वर्ड फाइल आहे, ती बाबांनी नंतर दुरुस्त्या करून टाइप करून घेतलेली. पीडीएफ दिसायला एकदम परफेक्ट आहे म्हणून तीच कॅलिबरमध्ये (ई-पुस्तकं बनवायचं सॉफ्टवेअर) टाकली तर मराठीच्या जागी सगळी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं आली. कॅलिबरमध्ये काही सेटिंग असतं का याचं?

जुना_डीटीपीवाला
ताई, सेटिंगचा प्रश्नच नाही हा, सोर्स चुकीचा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कोडवर बसवलेले असतात, म्हणजे फाइलच्या आत मराठी मजकूर नसतोच, फक्त फॉन्ट लावल्यावर डोळ्याला मराठी दिसतं. कॅलिबर आतला मजकूर उचलतं म्हणून तुम्हाला कचरा मिळाला. आणि समजा पीडीएफ युनिकोडमध्ये असती तरी मी ती शेवटचा पर्याय म्हणूनच घेतली असती, कारण पीडीएफला परिच्छेद वगैरे कळत नाहीत, अमुक अक्षर कागदावर अमुक जागी एवढंच तिच्यात असतं. मग ओळी मध्येच तुटतात, पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पान नंबर वाक्यात घुसतात, वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात. कॅलिबरच्या मॅन्युअलमध्ये सोर्स फॉरमॅटची पसंतीक्रमाने यादी दिलीय, तिच्यात पीडीएफ सगळ्यात शेवटी आहे.

जितके लेख वर्डमध्ये आहेत तितके तिथूनच घ्या, डोळे झाकून. त्यात बाबांच्या दुरुस्त्याही आहेत, त्या दुसरीकडे कुठे मिळणार. बाकीच्यांसाठी पेजमेकर. आता पेजमेकर कुणाकडे नसतं पण इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्तीत पेजमेकर 6 आणि 7 च्या फाइली उघडतात, एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याकडे नक्की मिळेल. तिथून मजकूर टेक्स्ट म्हणून काढायचा आणि श्रीलिपी टू युनिकोड कन्व्हर्टरमधून घालायचा. फॉन्टचं नेमकं नाव आधी बघून ठेवा, श्रीलिपीचे सगळे फॉन्ट एकाच कोडवर नाहीत, चुकीचा निवडला की अर्धी अक्षरं बरोबर आणि अर्धी भलतीच येतात.

प्रूफवाली_संपदा
वरच्या सगळ्याला दुजोरा, फक्त कन्व्हर्ट झालं म्हणजे झालं असं धरू नका. छापील प्रत शेजारी ठेवून वाचावंच लागतं. रफार, जोडाक्षरातली पहिली वेलांटी, द्य आणि द्ध, अनुस्वार, हे आधी तपासा. आणि 'ऱ्य' तर हमखास बिघडतो, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होऊन बसतं आणि पुस्तकभर तसंच राहतं. शोधून बदलताना 'सगळे बदला' दाबू नका, 'आचार्य' आणि 'सूर्य'सुद्धा बदलतील, एकेक बघून बदला. ठळक-तिरपं कन्व्हर्टरमध्ये बहुतेक उडतं, तेही हाताने परत द्यावं लागेल.

अनघा_सांगली
खूप आभार दोघांचे. पण सीडी खराब निघाली तर? स्कॅन वापरता येईल का? आणि शेवटी मोबी (किंडलचा जुना फॉरमॅट) करू की ईपब?

किंडल_कोल्हापूर
स्कॅन नुसतं कॅलिबरमध्ये टाकून काही होणार नाही, कॅलिबर ओसीआर करत नाही (म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवत नाही), पानांचे फोटोच येतील. गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, छपाई स्वच्छ असेल तर मराठी चांगलं ओळखतं. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरलाही मराठी येतं. तुमच्या खराब पीडीएफपेक्षा ओसीआर केव्हाही बरं, प्रूफ मात्र कसून.

मोबीच्या नादी लागू नका. सेंड टू किंडलला (किंडलवर फाइल पाठवायची ॲमेझॉनची सोय) 2022 पासून ईपब चालतं आणि मोबी आता तिथे घेत नाहीत. केबलने टाकायचं असेल तर किंडलच्या एझेडडब्ल्यू३ फॉरमॅटमध्ये करा.

आणि सगळे लेख एकाच वर्ड फाइलमध्ये (.docx) आणा, प्रत्येक लेखाच्या नावाला हेडिंग १ स्टाइल द्या, नुसतं मोठं आणि बोल्ड करू नका, अनुक्रमणिका त्या स्टाइलवरूनच बनते. जुनी डॉक (.doc) फाइल असेल तर आधी .docx म्हणून सेव्ह करा, कॅलिबर डॉक घेत नाही. अजून एक, कॅलिबर आपोआप प्रकरण ओळखतं ते हेडिंगमधल्या चॅप्टर, पार्ट अशा इंग्रजी शब्दांवरून, मराठी शीर्षकं त्याला समजत नाहीत आणि लेख नव्या पानावर सुरू होत नाहीत. कॅलिबरच्या स्ट्रक्चर डिटेक्शन सेटिंगमध्ये जाऊन तिथली लांबलचक ओळ काढा, हेडिंग १ च घ्यायला सांगा. मेटाडेटात (पुस्तकाच्या माहितीत) भाषा मराठी निवडायची.

जुना_डीटीपीवाला
सीडी आधी कॉपी करून घ्या ताई, आजच. आणि फाइल पेजमेकर 6 ची की 7 ची, फॉन्टचं नाव काय, एवढं इथे टाका, कन्व्हर्टर कुठला लागेल ते सांगतो.