घरातलं माणूस गेल्यावर लहानपणी कुणी काही पिकवलंय का? (अनुभव लिहा)

परळची_पोर:
काल रात्री लेक फोन घेऊन आली, आई हे बघ. इंग्लंडमधल्या जुळ्या भावांचा भोपळा, २०२५ सालचा, १२७८ किलो, जगातला सगळ्यात मोठा. ती हसतेय आणि मी एकदम गप्प. भांडी तशीच सिंकमध्ये टाकून बसून राहिले, म्हणून आज लिहितेय.

१९९१. मी दहा वर्षांची, भाऊ सहा. बाबा रेल्वेत, आम्ही परळला क्वार्टरमध्ये, तळमजला. मे महिन्यात बाबा गेले. ड्युटीवरून आले, पाणी मागितलं, आणि संपलंच. दिवसकार्य झालं, गावचे पाहुणे गेले, आई त्यांच्या खाकी पँटी धुवायला काढत होती तर एका खिशात कागदाची पुडी, राखेत घोळवलेल्या भोपळ्याच्या बिया. शिमग्याला गेले होते तेव्हा संगमेश्वरहून आणल्या असणार, लावायच्या राहून गेल्या. आई पुडी धरून इतका वेळ उभी राहिली की नळाखालची बादली भरून वाहायला लागली. मी घेतली तिच्या हातातून.

मागच्या भिंतीपाशी पहिल्या पावसात लावल्या. चार उगवल्या, दोन गोगलगायींनी खाल्ल्या, एकावर भावाने पाय दिला, राहिला एक वेल. तो आमच्या पत्र्यावर चढला, मग न विचारता शेजाऱ्यांच्या. फळं धरायची आणि पिवळी पडून गळायची. शेजारचे गँगमन काका म्हणाले, अगं एकच ठेव, बाकीची खुड, एकट्या वेलाने किती पोरं सांभाळायची. बोलून गेले आणि मग बघितलं तर आई मागेच उभी. काका तसेच घरात गेले, चार दिवस बाहेर दिसले नाहीत.

मी एक ठेवलं. दर रविवारी सुतळीने घेर मोजायचा, टोक जुळेल तिथे गाठ मारायची. रविवार कारण बाबांना सुट्टी असायची आणि तो दिवस काही केल्या सरायचा नाही.

दिवाळीपर्यंत क्वार्टर सोडायचं होतं. दसऱ्यानंतर तोडला, भंगारवाल्याच्या काट्यावर १९ किलो. (१२७८ वाल्यांनी हसू नये.) पण आमच्यात भोपळा बाईने फोडायचा नाही, पहिला घाव पुरुषाचा. आजी म्हणाली रविवारी काका येतोय विरारहून, थांब, नाहीतर पोराचा हात लावून घे कोयत्याला नुसता. भाऊ पलंगाखाली जाऊन बसला. आईने कोयता उचलला आणि एका घावात दोन केले. आजीने भिंतीकडे तोंड फिरवलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग आजीच उठली, म्हणाली, गूळ किती आहे घरात?

अख्ख्या लायनीला घारगे गेले. गँगमन काकांना जास्त दिले आईने.

तुमच्याकडे असं काही आहे का? लिहा ना.

लोकल_९_०४:
दादर आलं आणि उतरायचं राहिलं. आता करी रोडला उतरून परत जाते. शेजारची बाई रुमाल देतेय.

आंबट_चुका:
गँगमन काका 😢 बिचारे. आमच्याकडे पण भोपळा नवराच फोडतो पण ते माझी मनगटं दुखतात म्हणून. घारगे म्हणजे भोपळ्याच्या गोड पुऱ्याच ना?

मालवणी_तडका:
पुऱ्या नाहीत हो, घारगे! फरक आहे.

आंबट_चुका:
काय फरक आहे ते सांगा मग.

विक्रोळी_कर:
माझ्या भाच्याचं सांगतो. भावोजी एप्रिल २०२१ मध्ये गेले, कशाने ते सांगायला नको. पोरगा अकरा वर्षांचा, ऑनलाइन शाळा, कॅमेरा बंद करून नुसता बसायचा. ताईने कुणीतरी दिलेल्या दुधीच्या बिया एका गोणीत लावल्या, गॅलरी पाचव्या मजल्यावर. वेल मस्त आला पण फळ एक नाही. त्याने स्वतः व्हिडिओ बघून शोधलं की दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, भोपळ्यासारखं सकाळी नाही, आणि त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात. पाचव्या मजल्यावर कुठले पतंग, म्हणून मग हा रोज सातला टॉर्च घेऊन गॅलरीत, नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाला लावायचं. मादी ओळखायची सोपी, देठाशी बोटाएवढा लव असलेला दुधी आधीच असतो. सात म्हणजे भावोजींची ऑफिसातून यायची वेळ, हे ताईच्या लक्षात आलं, तिने त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

एक धरला. फळमाशी डंख मारते म्हणून कोवळं फळ झाकायचं असतं, याने कपाटातून बाबांचा काळा ऑफिसचा मोजा काढला आणि दुधीला घातला. आठवड्यात मोजा टाचेला फाटला इतका वाढला. लांब जातीचा निघाला आणि ग्रिलमधून खाली खाली जात चौथ्या मजल्याच्या खिडकीत पोचला. खालच्या काकूंचा फोन, "अगं तुमचा पाहुणा आमच्याकडे आलाय." ताई म्हणाली कापून घ्या भाजीला. त्या म्हणाल्या छे, मी त्याला झोळी बांधलीय. जुन्या ओढणीची. मग रोज व्हॉट्सॲपवर फोटो, आज इतका झाला. ४ फूट ३ इंच. पोरगा मोजायला म्हणून खाली काकूंकडे जायला लागला, तिथेच जेवायला लागला, त्यांच्या नातवाबरोबर कॅरम. खाल्ला नाहीच कुणी. जून झाला, सुकला, अजून आहे त्यांच्याकडे भिंतीला, हलवला की आत बिया वाजतात. मोजा पण आहे म्हणे, विचारलं नाही मी.

लोकल_९_०४:
ऑफिसला पोचले आणि हे वाचलं. तुम्ही लोक आज काम करू देणार नाही.

गिरगावचे_आजोबा:
मी पडवळ. सन १९६८, वसईला मामाकडे होतो, आई वारल्यावर वडिलांनी तिकडे ठेवले. पडवळाला टोकाशी दगड बांधतात हे आताच्या मुलांना ठाऊक नसेल, नाहीतर ते वेटोळे होते. मामी लहान खडा बांधायची. मला वाटले वजन जास्त तर लांबी जास्त, म्हणून मामाच्या दुकानातले पन्नास ग्रॅमचे वजन बांधले, मग शंभरचे. मामा दोन दिवस वजने शोधत होता, गिऱ्हाइकांना अंदाजे साखर देत होता. सापडल्यावर मारले नाही. वजन सोडले, पुसले, आणि जागी माझ्याकडून दगड बांधून घेतला. पडवळ माझ्यापेक्षा उंच झाले, मी तेव्हा सव्वाचार फूट. आईला दाखवायचे होते असे म्हणालो होतो म्हणे, मला आठवत नाही, मामी सांगायची.

मालवणी_तडका:
आजोबा __/\__ अंदाजे साखर 😂

कुर्ल्याचा_कावळा:
सगळ्यांचं छान झालं म्हणून लिहू की नको विचार करत होतो. २६ जुलै २००५ ला आमच्याकडे पाणी छातीपर्यंत, मोठा भाऊ आईला आणायला निघाला तो आलाच नाही. आई आली, चालत, दुसऱ्या दिवशी. मी आठवीत. भावाने डालडाच्या डब्यात काकडी लावली होती, ती डब्यासकट गेली, मी पुढच्या वर्षी तसाच डबा मिळवून तशीच लावली, जगातली सगळ्यात मोठी काकडी करायची असं काहीतरी डोक्यात. पानांवर भुरी आली, पांढरी पावडर पडल्यासारखी, ताक फवारलं, राख टाकली, काय काय केलं. मेली. शाळेत गणितात पण भोपळा आणि घरी पण भोपळा. आईने रिकामा डबा फेकला नाही इतकंच. त्यात ती आता कपड्यांचे चिमटे ठेवते.

परळची_पोर:
कावळेदादा, बरं केलंत लिहिलंत.

विक्रोळी_कर:
+१. २६ जुलैला मी पवईला अडकलो होतो, रात्रभर बसमध्ये. तुमच्या भावाएवढाच असेन.

बी_बियाणं:
त्या मोठ्या भोपळ्याच्या जातीचं नाव अटलांटिक जायंट. कॅनडात नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने तयार केली. मी हौसेने बिया मागवून बोरिवलीला गच्चीवर लावल्या, सोसायटीच्या सेक्रेटरीची बोलणी खाल्ली, नारळाएवढा झाला आणि खालून कुजला. तिकडे एका वेलाला आपल्या दोन-तीन खोल्यांएवढी जमीन देतात, त्यावर एकच फळ. आपल्याकडे गावठीच लावा.

ठाण्याची_मावशी:
सगळ्यांनाच विचारते. बहिणीचा मुलगा आठ वर्षांचा, जूनमध्ये त्याचे आजोबा गेले, दोघं एका खोलीत झोपायचे. तेव्हापासून बोलत नाही फारसा. काल माझ्याकडे हा धागा वाचून दाखवला त्याला, पडवळाचा भाग परत वाच म्हणाला. काय लावता येईल खिडकीत? ग्रिल आहे, ऊन दुपारपर्यंत.

बी_बियाणं:
पडवळच की. मोठी गोणी घ्या, अर्धी माती अर्धं शेणखत, खाली भोकं पाडा, मांडवाला दोऱ्या. पाऊस असेल तर पाणी साचू देऊ नका. बी रात्रभर भिजवा.

गिरगावचे_आजोबा:
आणि दगड लहान घ्या. सुपारीएवढा. वजन घरातले घेऊ नये.

ठाण्याची_मावशी:
🙏 दगड तोच शोधून ठेवणार म्हणतोय, आताच खाली गेलाय चपला न घालता.

दुपारची_झोप:
राणीच्या बागेत महापालिकेचं झाडं-फुलं-भाजीपाल्याचं प्रदर्शन भरतं ना दरवर्षी, तिथे न्या त्याला. मोठमोठ्या भाज्या असतात.

आंबट_चुका:
आम्ही गेलो होतो, पोरांनी भाज्या बघितल्याच नाहीत, पेंग्विन पेंग्विन. रविवारी अजिबात जाऊ नका, भायखळा स्टेशनपासून रांग. आणि घारग्यांचं उत्तर कुणी दिलंच नाही.

मालवणी_तडका:
घ्या बाई. भोपळा किसून गुळात शिजवायचा, पाणी नाही घालायचं, गार झाल्यावर मावेल तेवढी कणीक, थोडा रवा, वेलची, मीठ चिमूट. जाडसर थापायचे आणि मंद तळायचे. पुरी फुगते आणि बसते, घारगा दोन दिवस राहतो. आता झालं?

आंबट_चुका:
झालं. आज करते.

कुर्ल्याचा_कावळा:
परळची_पोर ताई, ती सुतळी आहे का अजून?

परळची_पोर:
आहे, आईच्या डब्यात. नऊ गाठी. शेवटच्या दोन एकमेकींना चिकटून आहेत, शेवटी वाढायचा थांबला होता पण मी मोजत राहिले.

बी_बियाणं:
आणि बिया? त्या वेलाच्या बिया असतील तर मला दोन द्या ना, गावठी संगमेश्वरी.

परळची_पोर:
अहो नाहीत. नव्या खोलीवर गेलो त्या पहिल्या रात्री गॅस आला नव्हता, सामान बांधलेलं. आईने स्टोव्ह पेटवला, सगळ्या बिया मीठ लावून तव्यावर भाजल्या आणि आम्ही तिघांनी अंधारात सोलून खाल्ल्या. आजी म्हणाली चार तरी ठेवायच्या होत्यास. आई म्हणाली पोरांना भूक लागली होती.