मदत हवी आहे: बेडच्या रेलिंगवर ‘उजेडात जंतू मारणारं’ कोटिंग, वॉर्डातल्या ट्यूबवर चालतं का?

लोखंडीकाम_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. हॉस्पिटलचे बेड, सलाइन स्टँड, ट्रॉल्या करतो. सध्या गावातल्याच एका खाजगी हॉस्पिटलची ऑर्डर हातात आहे आणि त्यात एक नवीच अट घातलीय: साइड रेलिंग आणि दारांच्या हँडलवर, उजेड पडला की जंतू मारणारं कोटिंग पाहिजे. सप्लायर मीच शोधायचा आणि लेखी गॅरंटीपण मीच द्यायची. रेलिंग ३०४ स्टेनलेस स्टीलचं, बफिंग केलेलं. फ्रेम माइल्ड स्टीलची, पांढरं पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून चढवलेली रंगाची पूड.

सप्लायर मिळाला. तो म्हणतो, टायटॅनियम डायऑक्साइडचा नॅनो थर आहे, फवारायचा, वाळवायचा, ‘कुठल्याही उजेडात चोवीस तास काम करतो’. तिथंच माझं डोकं अडकलं. उजेडावर चालणारी वस्तू रात्री दिवे मालवल्यावर काय करते? वॉर्डात सगळीकडे एलईडी ट्यूब. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, म्हणून खिडक्यांना दिवसभर जाड पडदे. सोलापुरात उन्हाला काय तोटा नाही, पण त्याला वॉर्डात घेतंय कोण?

दुसरं म्हणजे, पांढऱ्या पावडरमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतोच. मग माझे बेड आजही जंतू मारतात का? हे विचारलं तर सप्लायर हसला आणि त्यानं दराचा विषय काढला.

त्यानं आयएसओ २२१९६ (पृष्ठभाग किती जंतू मारतो ते मोजायची आंतरराष्ट्रीय चाचणी) चा टेस्ट रिपोर्ट दिलाय, ९९.९ टक्के लिहिलंय. याच्या भरवशावर सही करू का?

रसायनवाला

तत्त्व खरं आहे, थोतांड नाही. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून पाण्याचं विघटन करून दाखवलं. पुढं १९८५ मध्ये मात्सुनागा यांच्या गटानं त्याच मार्गानं जंतू मरतात हे दाखवलं. प्रकाश पडला की पृष्ठभागावर ओलावा आणि ऑक्सिजनपासून अतिशय आक्रमक, क्षणभर टिकणारे घटक तयार होतात आणि ते जंतूचं आवरण फोडतात. क्षणभरच टिकतात, म्हणून जो जंतू थराला चिकटलाय तोच मरतो.

अडचण उजेडाचीच. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अॅनाटेज प्रकाराला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचा प्रकाश. पांढऱ्या एलईडीच्या आत निळी चिप असते, ४५० च्या आसपासची. अतिनील जवळजवळ नाहीच. साधा टायटॅनियम डायऑक्साइड तुमच्या वॉर्डात नुसता बसून राहणार.

दिसणाऱ्या उजेडावर चालणारे प्रकार आहेत. तांबं किंवा नायट्रोजन मिसळलेला टायटॅनियम डायऑक्साइड, किंवा मिथिलीन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट यांसारखी रंगद्रव्यं. पण रंगद्रव्यं त्याच उजेडानं हळूहळू उडतातही, त्यामुळे कोणी दीर्घ गॅरंटी मागितली तर जपून.

आणि तो रिपोर्ट! २२१९६ मध्ये नमुना ३५ अंशांवर, भरपूर दमट वातावरणात २४ तास ठेवतात. उजेडाचा त्यात संबंधच नाही. त्यात पास झालाय म्हणजे आत उजेडाशिवाय जंतू मारणारं, चांदी-तांब्यासारखं काहीतरी असेल, ते विचारून घ्या. अतिनीलसाठी २७४४७ आणि घरातल्या उजेडासाठी १७०९४ असे वेगळे आयएसओ आहेत. १७०९४ चा रिपोर्ट मागा. उजेडातला आणि अंधारातला, दोन्ही आकडे बघा, आणि चाचणीला किती लक्स, म्हणजे किती प्रखर उजेड होता तेही.

भट्टीवाला

पांढऱ्या पावडरचं मी सांगतो. रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड बहुतेक रुटाइल या दुसऱ्या प्रकारचा असतो आणि त्याच्या कणांवर सिलिका-अॅल्युमिनाचं कवच मुद्दाम चढवलेलं असतं, त्याला गप्प ठेवायला. नाहीतर तो उन्हात रंगाला धरून ठेवणारं रेझिनच खातो आणि हाताला खडूसारखी पूड लागते. म्हणून जागा असलेला माल थेट पावडर कोटिंगवर फवारू देऊ नका. फ्रेम तुमची जाईल, पैसे त्याचे होतील.

स्टीलवर नीट करायचं तर सोल-जेलचा (द्रावणातून जेलसारखा जमणारा) थर देऊन ४००-५०० अंशांवर भाजतात. त्या तापमानाला स्टीलमधलं लोह-क्रोमियम थरात चढून त्याला मंद करतं, म्हणून खाली आधी सिलिकाचा थर. आमची पावडरची भट्टी १८०-२०० ची. ‘फवारायचा, वाळवायचा’ हा प्रकार रोजच्या पुसण्यात किती टिकेल, ते त्याच्याकडून लेखी घ्या.

वॉर्डातली_ताई

दादा, रेलिंगखाली हात घालून बघा कधी. पेशंट उठताना धरतो तेव्हा बोटं खालच्या बाजूला वळतात. चिकटपणा, सांडलेल्या चहाचे ओघळ, चिकटपट्टीचा डिंक, सगळं तिथं. उजेड पडतो वरच्या बाजूला! वर घामाचा आणि मळाचा थर बसला की कोटिंग झाकलंच म्हणायचं. त्यात आम्ही हायपोक्लोराइटनं (ब्लीचच्या पाण्यानं) पुसतो, ते स्टीललासुद्धा खड्डे पाडतं.

कोटिंग आलं म्हणून पुसणं कमी करायचं कुणाच्या मनात असेल तर आधीच मोडून काढा. वरचे लोक असलं पटकन ऐकतात.

रसायनवाला

ताईंच्या मुद्द्यावरून सुचलं. हँडलसाठी तांब्याचं मिश्रधातू का नाही? अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २००८ मध्ये अशा मिश्रधातूंना नोंदणी दिली, दोन तासांत ९९.९ टक्के जंतू मारण्याच्या दाव्यासह. त्याला उजेड लागत नाही. ६० टक्क्यांवर तांबं असलेलं पितळ घ्या, वर लॅकर मारू नका. काळवंडेल, ते आधीच सांगून ठेवा.

लोखंडीकाम_सोलापूर

सगळ्यांचे आभार. हँडलला पितळ सुचवतो. डॉक्टरांना काळवंडणं आवडणार नाही, पण बोलून बघतो. रेलिंगसाठी सप्लायरकडून कोटिंग केलेली आणि न केलेली पट्टी मागवलीय. वर्कशॉपमध्येच काही तपासता येईल का?

रसायनवाला

मत्स्यालयाच्या दुकानात मिथिलीन ब्लू मिळतं. दोन्ही पट्ट्यांवर फिकट थेंब वाळवा. एक जोडी उन्हात, एक वॉर्डातल्या ट्यूबखाली, एक डब्यात बंद. निळा रंग उजेडानं एरवीही थोडा उडतो, म्हणून साधी पट्टी शेजारी हवीच. यानं थर जागा आहे का एवढंच कळेल. जंतूंचं लॅबकडूनच, तीही एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असलेली आणि त्यांच्या यादीत ही चाचणी आहे का ते विचारून.

लोखंडीकाम_सोलापूर

नोटा तपासायचा निळा टॉर्च आहे माझ्याकडे, तो चालेल का उन्हाऐवजी?

रसायनवाला

त्यावर काय छापलंय बघा. स्वस्तातले बरेच ३९५ नॅनोमीटरचे असतात, ते काठावर पडतात. ३६५ चा असेल तर चालेल. डोळ्यांत मारू नका.