शिबिराच्या शेवटी ढाल द्यावी का? यंदा आम्ही दिली नाही

पैनगंगाकाठ
यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडच्या बाजूला 14 वर्षांपासून स्काऊटचं पथक चालवतो. यंदा परीक्षा संपल्याबरोबर पाच दिवसांचं शिबिर घेतलं, तीन शाळांची मिळून 42 मुलं. समारोपाला ‘उत्कृष्ट संघ’ ढाल दिली नाही आणि ‘उत्कृष्ट शिबिरार्थी’ करंडकही दिला नाही. तेव्हापासून पालकांचे फोन सुरू आहेत. दोन सहकारी तर बोलेनासे झालेत. म्हणून सगळं इथं मांडतो.

कारण मागच्या वर्षीचं आहे. हरण संघात सातवीतला एक मुलगा होता, आईवडील दोघंही मजुरीला जाणारे. मी बांबूची चौकोनी बांधणी शिकवत होतो. तिची सुरुवात क्लोव्ह हिचने होते आणि शेवटही त्याच गाठीने. माझा दुसरा वेढा पडायच्या आत याची गाठ तयार. म्हणाला, “सर, आमची बकरी अशीच बांधतो.” मग टाच बांबूला टेकवून तो एकेक वेढा असा ओढायचा की सुतळी करकरायची. त्यांच्या संघाने भांड्यांचा स्टँड केला, त्यावर मी भरलेली घागर ठेवली. जागचा हलला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तंबू निरीक्षण. गणवेश, स्कार्फ, वॉगल (स्कार्फची कडी) सगळं नीट होतं, पण पायात बूट नव्हते. मोठ्या भावाची चप्पल होती, अंगठा तारेने बांधलेला. गणवेशाचे 2 गुण कापले गेले आणि ढाल 1 गुणाने दुसऱ्या संघाकडे गेली. रात्री शेकोटीला त्याच्याच संघातली पोरं त्याच्यापासून सरकून बसली. गुणपत्रिकेवर सही माझी होती.

स्काऊटचा तिसरा नियम सांगतो की स्काऊट सर्वांचा मित्र असतो आणि प्रत्येक स्काऊटचा भाऊ. आठवा सांगतो की तो काटकसरी असतो. मग तारेने बांधलेल्या चपलेचे गुण कापून आम्ही कोणता नियम शिकवला?

सोपान, म्हणजे स्काऊटच्या प्रगतीच्या पायऱ्या, आणि प्रावीण्य पदकं यांना माझा विरोध नाही. प्रवेशापासून तृतीय सोपानापर्यंत आणि पुढे राज्यपुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत मूल ठरलेली कसोटी पार करतं, शेजारच्याला पाडत नाही. मला फक्त ढाल नको आहे.

जुनी गाईड
सर, तुमची कळकळ पोचली, पण निर्णय चुकला असं मला वाटतं.

मी वाशिम जिल्ह्यातली, आता नर्स आहे. आठवीत असताना पहिल्या शिबिराला जायचं तर घरी तीन दिवस भांडण. मुलगी रात्री तंबूत झोपणार हे आजीला सहन होईना. आईने हट्टाने पाठवलं. आमच्या गुलाब संघाला ढाल मिळाली. दोन काठ्या आणि घोंगडीचं स्ट्रेचर आम्ही सगळ्यांत लवकर केलं होतं आणि त्यावर जिल्हा संघटक मॅडमना झोपवून मैदानाला फेरी मारली होती. ढालीसोबतचा फोटो वडिलांनी दुकानात गल्ल्याच्या वर लावला. पुढच्या वर्षी एसटीत बसवून द्यायला ते स्वतः आले.

गावाला सोपान समजत नाही, ढाल समजते. आणि हे काही आपण काढलेलं खूळ नाही. 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी विसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं तेव्हाही पितळी बिल्ला होताच.

पैनगंगाकाठ
ताई, बिल्ला होता हे खरंच. पण ‘तयार राहा’ या ब्रीदवाक्याची पट्टी गाठी, माग काढणं वगैरे जमल्यावर मिळायची, आणि ज्याला जमेल त्या प्रत्येकाला मिळायची. एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याची हुकली असं नव्हतं. शिवाय त्या बेटावर मोठ्या शाळांतली मुलं आणि कामगारांच्या घरची मुलं मुद्दाम एकत्र आणली होती. मला तर तेच शिबिर हवं आहे.

फोटोचं मात्र मनाला लागलं. त्याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही.

शिट्टी
मीही स्काऊटर, म्हणजे पथक चालवणारा, भंडाऱ्याकडचा. सर, तुमची विभागणीच मला मान्य नाही. तुम्ही म्हणता सोपान स्वच्छ आणि ढाल वाईट. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

राज्यपुरस्काराला दहावीत वाढीव गुण आहेत हे कळल्यापासून मुलांची लॉगबुकं, म्हणजे कामाच्या नोंदवह्या, कोण लिहितं ते आपण दोघंही जाणतो. एका बाईंच्या सुवाच्य अक्षरातली तीन लॉगबुकं माझ्याकडे आली होती, तिन्हींत ‘खरी कमाई’चा, म्हणजे मुलांनी छोटी कामं करून मिळवलेल्या पैशांचा, हिशेब रुपयासकट सारखा. त्यातल्या एकालाही खुर्चीवर बसवून त्रिकोणी पट्टीची झोळी बांधता आली नाही. कागदाची कसोटी घरी बसून पार करता येते. ढालीचं तसं नाही, ती पाच दिवस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कमवावी लागते.

आणि निरीक्षणाला गुण नसतील तर तिसऱ्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा राहणार नाही. पहाटे पाचची शिट्टी, बी.पी. (बेडन-पॉवेल) व्यायाम, झाडलोट, सगळं त्या दहा गुणांवर उभं असतं.

वऱ्हाडी बाप
मास्तर, तुमचं मले अर्धंच पटलं. बुटाचे गुन कायले ठेवता? ते काढा. एवढ्या उनात पोट्ट्याच्या पायात काही हाय हेच पुष्कळ. पन ढाल ठेवा.

माह्या पोट्ट्याच्या शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक होता. त्याईनं कनकेचे जाड रोडगे केले. गोवऱ्याचा जगरा पेटवला, निखारे पडू देले, मंग रोडगे टाकून राखेत दाबले. पळसाच्या पानाच्या पत्रावळी. एका संघाचे रोडगे आतून कच्चे, एकाचे कोयसा. माह्या पोट्ट्याच्या संघाचे असे झाले की हातानं फोडला तं वाफ निंघे. त्यात तूप टाकून सगळ्याईनं त्याईच्याच जवळचे खाल्ले. कोनाचं चांगलं झालं हे पोट्ट्याईले समजते, मास्तर. तुमी ढाल नाई देली तं त्याईले वाटते का मास्तरले दिसलंच नाई.

अन एक सांगतो. शिबिर एप्रिल-मेमंदी घेऊच नका. पारा 44 च्या वर जाते. दिवाळीच्या सुट्टीत घ्या.

पैनगंगाकाठ
भाऊ, दिवाळीत कापूस वेचणी असते. शिबिराला यायची ती निम्मी पोरं शेतात असतात, नेमकी मला हवी असलेली. म्हणून उन्हाळा. अकरा ते चार आम्ही शाळेच्या व्हरांड्यातच असतो, गाठी आणि प्रथमोपचार तिथंच घेतो.

“मास्तरले दिसलंच नाई” हे वाक्य दोन दिवस डोक्यात आहे.

मूलची पोर
सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीबद्दल कुणीच बोललं नाही. बाबा आमटे यांनी सुरू केलेली, दरवर्षी मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळ भरते. मी दोनदा गेले. पहाटे उठून श्रमदान, कुदळ-फावडं आणि घमेल्यांची साखळी. तिथं पहिला नंबर कुणाचा हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही. साखळीत उभं राहिलं की शेजारच्याचे हात दमलेत हे त्याच्या घमेल्यावरूनच कळतं. मी सरांच्या बाजूने.

शिट्टी
छावणीबद्दल आदर आहे, पण तिथं तरुण येतात, स्वतःहून येतात. माझ्याकडे अकरा वर्षांची पोरं असतात, काहींची तर घराबाहेरची पहिलीच रात्र. त्यांना दुपारपर्यंत टिकवायला काहीतरी हातात द्यावं लागतं.

जुनी गाईड
सर, एक विचारायचं राहिलं. तो हरण संघातला मुलगा यंदा आला होता का?

पैनगंगाकाठ
नाही आला. दोनदा त्याच्या घरी गेलो. पहिल्यांदा भेटलाच नाही. दुसऱ्यांदा अंगणात बसून बोललो, शिबिरात यंदा गुण नाहीत, ढाल नाही, असंही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग यंदा स्टँड कोणाचा चांगला झाला हे सांगणार नाही का?” मला वाटलं होतं ढाल नाही हे ऐकून त्याला बरं वाटेल.

जुनी गाईड
बघा. त्याला ढालीचा राग नव्हता, सर. त्याचं काम ज्या कागदावर मोजलंच गेलं नाही त्याचा होता. गणवेशाचा रकाना काढा, बांधणी आणि स्वयंपाकाचा वाढवा, आणि ढाल परत आणा.

पैनगंगाकाठ
एका संघाला ढाल म्हणजे बाकीच्या पाच संघांना रिकामे हात, हे अजूनही मला पटत नाही. पण चौथ्या दिवशी पालकांना जेवायला बोलवायचं आणि प्रत्येक संघाने काय उभारलं ते त्यांच्यासमोर, कोण कशात सरस ते नाव घेऊन सांगायचं, हे पुढच्या वर्षी नक्की करणार. गणवेशाचे गुण तर गेलेच.

शिट्टी
सहाही संघ कशात ना कशात सरस निघाले तर पोरं तिसऱ्याच वर्षी ओळखतील. तरी करून बघा. त्या दिवशी मी भंडाऱ्याहून येतो, माझे दोन संघनायकही आणतो.

वऱ्हाडी बाप
जेवनात रोडगेच ठेवा. गोवऱ्या मी आनतो.