बास्क डोंगरांतली थडगी: इतकी घाई कशाला होती?

शिलाखूण
1916 साली उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशातल्या आताउन गावच्या एका कामकऱ्याने होसे मिगेल दे बारान्दियारान या तरुण धर्मगुरूला सांगितलं, की आरालार डोंगरावर 'जेन्तिलां'ची थडगी आहेत. जेन्तिल म्हणजे बास्क गोष्टींतले, ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे धिप्पाड लोक. बारान्दियारान वर गेले, तर खरोखरच डॉल्मेन, म्हणजे प्राचीन शिळांची थडगी! उभ्या शिळांची खोली, वर झाकणाची शिळा, भोवती दगडमातीचा ढीग. लवकरच आरान्सादी आणि एगुरेन हे दोन अभ्यासक आणि ते, असे तिघे मिळून खोदायला लागले.
तिघांबद्दल मला अपार आदर आहे. तरी म्हणेन, प्रत्येक खोलीचा एक कोपरा तरी हात न लावता ठेवायला हवा होता. तेव्हा हाडांचं वय काढायची कार्बन-14 पद्धत नव्हती, डीएनएचं तर नावही नको. उपसलेला थर पुन्हा रचता येत नाही.

मृणाल
मला हे अजिबात पटत नाही. ठेवलं असतं म्हणजे राहिलं असतं, हे कशावरून? खजिन्याच्या आशेने लोकांनी अशी किती थडगी आधीच उसकटली होती! सान हुआन आन्ते पोर्ताम लातिनाम ही बास्क प्रदेशातलीच जागा बघा. 1985 मध्ये लाग्वार्दिया गावाजवळ वाट रुंद करताना यंत्राखाली हाडं निघाली. नीट खोदल्यावर किमान 338 माणसं मोजली गेली. काहींच्या हाडांत गारगोटीची बाणाग्रं रुतलेली, काहींच्या जखमा भरून आलेल्या. म्हणजे मार खाऊन ती माणसं जगली होती. सुमारे 5,000 वर्षांपूर्वीचं हे दुखणं खोदल्याशिवाय कळलं असतं का?

शिलाखूण
मृणालताई, एक दुरुस्ती: ते डॉल्मेन नाही, कड्याच्या आडोशाखालचं सामूहिक दफन आहे. शिवाय तिथे यंत्र आधीच लागलं होतं, खोदणं भागच होतं. आरालारच्या माथ्यावर कुठलं यंत्र येणार होतं? आणि तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ती हाडं जपून ठेवली, म्हणून 2023 मध्ये ती पुन्हा तपासून अभ्यासकांना म्हणता आलं, की ही एका दिवसाची कत्तल नसावी, काही महिने चाललेला संघर्ष असावा.

वाटसरू
लाग्वार्दियाचंच आल्तो दे ला उएसेरा विसरू नका. 'उएसेरा' म्हणजे हाडांची जागा. गावाने नावातच सांगून ठेवलं होतं. हे डॉल्मेन 1940 च्या दशकात सापडलं आणि 2010 पासून बास्क विद्यापीठाच्या लोकांनी ते पुन्हा खोदलं. जुन्या खोदाईतून वाचलेल्या थरांत माणसांची हाडं जागच्या जागी मिळाली. माझं मत शिलाखूण यांच्याकडे झुकतं.

मृणाल
पण वाटसरू, ते थर नव्या लोकांनीही खोदलेच ना? त्यांनी पुढच्यांसाठी किती ठेवलं, हे विचारा. आरान्सादींना लावलेला नियम त्यांनाही लावा. आणि आरालारला त्या वर्षी कोणी गेलंच नसतं, तर त्या कामकऱ्याची गोष्ट कोणी लिहून ठेवली असती? जेन्तिलांची आठवण सांगणारी म्हातारी माणसंही थरासारखीच असतात, एकदा गेली की गेली.

शिलाखूण
हा मुद्दा मान्य. गोष्टी लगेच टिपायलाच हव्या होत्या. मातीला मात्र घाई नव्हती.