घर मोठं म्हणून मन मोठं? काहीही!

कडीकोयंडा:
काल कुणीसं लिहिलंय, 'बंद दाराच्या फ्लॅटांनी माणसं आपमतलबी केली. घरं मोठी होती तेव्हा मनंही मोठी होती.' वाचून डोकं फिरलं. असल्याच मोठ्या घरात वाढले मी. १९ माणसं, आणि रडायचं तर न्हाणीघराला कडी लावून. तिथेही दोन मिनिटांत दारावर थाप! मोठी मनं कुणाची, तर ज्यांना ओट्याशी उभं राहावं लागत नव्हतं त्यांची. भिंती माणसाला बिघडवत नाहीत. माणूसच आपल्या सोयीने भिंती घालतो.

आराखडा:
ताई, राहणाऱ्याला विचारतंय कोण? अमेरिकेतल्या सेंट लुइसची प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत घ्या. ११ मजली ३३ इमारती. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबणार, म्हणजे लोक गॅलरीत भेटतील, शेजार वाढेल. झालं काय, तर लोक त्या गॅलऱ्यांनाच घाबरू लागले. १९७२ मध्ये पाडायला घेतलं.

तिरकस:
देखभालीला पैसे नव्हते, हे सोयीस्कर विसरलात. तुम्हा आर्किटेक्ट लोकांना सगळं श्रेय, नाहीतर सगळं पाप तरी हवंच.

ओट्यापाशी:
ओट्याचा विषय निघालाच आहे तर, १९२६ चं फ्रांकफुर्ट किचन. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने बाईची पायपीट वाचावी म्हणून साडेसहा चौरस मीटरमध्ये सगळं हाताशी आणलं. आत एकच माणूस मावतो. कोण, ते सांगायला नको.

आराखडा:
म्हणूनच ओपन किचन आलं ना!

कडीकोयंडा:
हो, आता तीच एकटी सगळ्यांसमोर राबते. वर सिंकमधली भांडी पाहुण्यांना दिसतात.

तिरकस:
आमच्याकडे भांडी मीच घासतो.

ओट्यापाशी:
पदक कुठे पाठवू?

तिरकस:
बघा! पुरुषाने केलं तरी टोमणा. म्हणूनच कुणी करत नाही.

कडीकोयंडा:
टोमण्याने बंद पडते ती हौस. कामाला ती सवलत नसते.

आराखडा:
विषयावर येता का? सिंगापूरने १९८९ पासून सरकारी घरांच्या इमारतींत वंशनिहाय मर्यादा घातली, एकाच समाजाच्या वस्त्या होऊ नयेत म्हणून. मूल्यं घरातून घडवता येतात, अजून काय पुरावा हवा?

तिरकस:
त्याने शेजारी ठरतो, ओळख नाही. समोरच्या दारात कोण राहतं हे मला सहा वर्षं ठाऊक नव्हतं. मग लिफ्ट अडकली, आणि तो तासभर बाहेर बसून माझ्याशी गप्पा मारत राहिला.

आराखडा:
म्हणजे लिफ्टनेच ओळख करून दिली. धन्यवाद.

कडीकोयंडा:
बरं, अर्धा गुण घ्या. त्या घरात एक खोली जास्त असती तर मी इतकी तापट झाले नसते. पण 'मोठ्या मना'वाल्यांना माफी नाही. आहेत कुठे ते?

ओट्यापाशी:
भांडी घासत असतील.